रात्री दोन वाजता गरम पाणी कोण वापरतं?

[दृश्य: गच्ची. सौर पॅनेलांच्या रांगा, मागे टाक्या.]

एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाची ही गच्ची. इथे पाणी तापवायला सौर पाणीतापक बसवलेला आहे. पॅनेल दिसतात, मोजताही येतात. पण त्यातली उष्णता वॉर्डातल्या नळापर्यंत किती पोचते, असं विचारलं की विजेचं बिल पुढे येतं. त्या बिलात लिफ्ट आहे, एसी आहे, ऑपरेशन थिएटर आहे. गरम पाणी त्यातून वेगळं काढणार कसं?

[दृश्य: तळघर, प्लांट रूम.]

हिशेब शाळेतलाच. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४१ युनिट लागतात. म्हणजे पाणी किती गेलं आणि त्याचं तापमान किती बदललं, एवढं कळलं की झालं.

[दृश्य: अगदी जवळून. पाइप, जेल, हात.]

प्रवाह मोजणारा हा मीटर पाइपाच्या बाहेरूनच लागतो, पाइप कापायचा नाही. लॅगिंग, म्हणजे पाइपावरचं उष्णता रोखणारं आवरण, सोडवायचं, रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासायचा, जेल लावून हे दोन सेन्सर पट्ट्याने आवळायचे. एक ध्वनिलहर प्रवाहाबरोबर जाते, दुसरी उलटी. पहिली किंचित आधी पोचते. त्या फरकावरून वेग, वेगावरून लिटर. पंपाला किंवा बेंडला खेटून लावलंत तर पाणी तिथे घुसळलेलं असतं, आकडा नाचत राहतो. सेन्सरच्या अलीकडे पाइपच्या व्यासाच्या १० पट सरळ लांबी हवी, पलीकडे ५ पट. जुन्या प्लांट रूममध्ये असा तुकडा सापडणं म्हणजे लॉटरीच.

तापमानाचे सेन्सर मात्र एकत्र तपासलेल्या जोडीनेच घ्यावेत. इमारतीत फिरायला जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या पाण्यात फरक ५ अंशांचा, आणि दोन्ही सेन्सर अर्धा-अर्धा अंश उलट बाजूंना चुकले, तर हिशेब २० टक्क्यांनी घसरतो.

[दृश्य: रात्र. रिकामा कॉरिडॉर, पंपाचा आवाज.]

रात्रीचे २. नळ बंद, पंप चालू. नळ उघडताच गरम पाणी यावं म्हणून ते इमारतभर फिरतं ठेवलेलं असतं. समजा, सेकंदाला १ लिटर फिरतंय आणि ५ अंश गमावून परततंय. २१ किलोवॉट झाले. दिवसाला ५०० युनिट, एकाचीही आंघोळ न होता! आमच्या मते या मोजमापातला सगळ्यात बोलका आकडा हाच.

[दृश्य: फाटलेलं लॅगिंग, उघडा व्हॉल्व्ह.]

पंप रात्री बंद ठेवता येत नाही. टाकीत ६० आणि परतीच्या पाइपात किमान ५० अंश राखावे लागतात, नाहीतर न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. पाइप आणि व्हॉल्व्ह नीट झाकणं, एवढं हातात आहे.

[दृश्य: मीटर पेटीत ठेवताना.]

हा मीटर उसना आणलेला. कायमचे तीन हवेत: सौर टाकीनंतर एक, बॉयलरनंतर एक, परतीच्या पाइपावर एक. नव्या इमारतीच्या निविदेत ते लिहिले आणि तेवढा सरळ पाइप नकाशातच सोडला, तर पुढे तोडफोड करावी लागत नाही.