दिवस विकणारे देश

माजुरो. पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांची राजधानी. कंकणाकृती प्रवाळबेटाच्या कुशीतलं हे पाणी, आणि त्यात नांगर टाकून उभी असलेली पर्ससीन जहाजं, म्हणजे माशांच्या थव्याभोवती मोठं जाळं वेढून ते आवळणारी. तैवान, कोरिया, चीन, अमेरिका... झेंडे बघत चला.

क्रेनच्या जाळीतून मालवाहू जहाजात चढतोय तो गोठवलेला स्किपजॅक ट्युना. यातला बराचसा थायलंडच्या कारखान्यांत डबाबंद होईल. मासा मात्र या बेटांच्या समुद्रातला.

वरून दिसणारी ही जमिनीची रेघ किरिबातीची. देशाची सगळी जमीन मिळून 811 चौरस किलोमीटर. हक्काचा समुद्र सुमारे 35 लाख. शेजारचा नाउरू हा देश तर जेमतेम 21 चौरस किलोमीटरचा.

किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर या देशांना हक्क मिळाला, तरी सुरुवातीला हाती फारसं काही लागलं नाही. परदेशी कंपन्या एकेका देशाला गाठून वेगळा करार करायच्या. एकाने दर वाढवला की जहाज शेजाऱ्याच्या पाण्यात. पकडीच्या किमतीतले शेकडा पाच-सहा मिळाले तरी पुष्कळ, अशी गत. म्हणून एकत्र येऊन मासेमारीच्या अटी ठरवायला 1982 मध्ये या देशांमध्ये नाउरू करार झाला. आज त्यात आठ देश आहेत: मायक्रोनेशिया, किरिबाती, मार्शल बेटं, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सोलोमन बेटं आणि तुवालू.

आधी त्यांनी जहाजांची संख्या बांधून पाहिली. मग 2007 पासून नवीच गोष्ट विकायला काढली: दिवस. वर्षभरात सगळ्यांच्या पाण्यात मिळून किती दिवस मासेमारी होईल, ते आधी ठरतं. कुणाच्या समुद्रात किती मासा असतो आणि पूर्वी किती पकडला गेला, यावरून दिवसांची वाटणी होते. हे लांबलचक जहाज पाहा. ऐंशी मीटरच्या वरचं असेल, तर त्याचा एक दिवस दीड दिवस धरतात. पन्नासच्या आतल्याचा अर्धाच. जहाज कुठे आहे, ते उपग्रहावरून कळतं. एखाद्याचे दिवस उरले तर तो शेजारी देशाला देऊ शकतो. आणि किमान दर सगळ्यांचा एकच. 2015 पासून तो दिवसाला 8 हजार डॉलर. त्याच्या खाली कुणी उतरायचं नाही. सौदा करणाऱ्याला आता पळायला शेजारचं पाणी उरलेलं नाही.

देशांच्या हद्दींमध्ये अडकलेले खुल्या समुद्राचे काही तुकडे आहेत. तिथे कायद्याने कुणालाच अडवता येत नाही. या देशांनी परवान्यातच अट घातली: तिकडे जाळं टाकलंत, तर आमच्या पाण्यात यायचं नाही. इतक्या छोट्या देशांनी इतकी मोठी जहाजं अशी वेसणीत धरावीत, हे मला तरी फार आवडतं.

डेकवर वही घेऊन उभा आहे तो निरीक्षक. 2010 पासून प्रत्येक पर्ससीन जहाजावर असा एक माणूस असतो. महिनोन्‌महिने, परक्या खलाशांमध्ये, एकटा.

2010 च्या सुमारास आठ देशांना मिळून साधारण 6 कोटी डॉलर मिळत होते. पुढे आकडा 50 कोटींच्या घरात गेला. किरिबाती सरकारचं निम्म्याहून अधिक उत्पन्न आज याच परवान्यांचं. कारखान्यांतल्या नोकऱ्या मात्र बहुतेक बाहेरच राहिल्या. समुद्र तापतोय, आणि ट्युना पूर्वेकडे सरकेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तसं झालं तर दिवसांची वाटणी पुन्हा मांडावी लागेल, आणि पापुआ न्यू गिनी, सोलोमन यांचा वाटा घटू शकतो.