कलपाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं

मंडळी, घरी काळ्या कलपाचं खोकं असेल तर आज गेल्यावर त्याची मागची बाजू वाचा. आधी कातडीवर चाचणी करा, आणि हा कलप भुवयांना, पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असं तिथे छापलेलं असेल. पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, हे काळा रंग देणारं रसायन असलेल्या डायवर ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे.

अंधत्वाचा उल्लेख उगाच आलेला नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवायचा डाय विकला जाई. त्यात हेच पीपीडी होतं. त्यातून काही बायकांची दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला. १९३८ साली नवा कायदा आला आणि तो डाय जप्त झाला. केसांच्या डायना मात्र त्याच कायद्याने सूट दिली: इशारा छापा आणि विका. तेव्हा तिथे ठरलेला तो मजकूर आणि आपल्या खोक्यावरचा मजकूर जवळजवळ शब्दशः सारखा आहे.

पेशंट मला विचारतात, ‘डॉक्टर, इतकी वर्षं हाच डाय लावतेय, मग ॲलर्जी आत्ताच कशी झाली?’ पीपीडीचा रेणू लहान असतो, तो कातडीत सहज शिरतो. शरीराला त्याची ओळख पटायला कधी एकदा लावणं पुरतं, कधी कित्येक वर्षं जातात. एकदा ती ॲलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. मग पुढच्या वेळी एकदोन दिवसांत कपाळ, कान, मान सुजते, पापण्या इतक्या फुगतात की डोळे उघडत नाहीत. म्हणून चाचणी दर वेळी करायची. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावा, २४ तास राहू द्या. मी तर म्हणेन, दोन दिवस लक्ष ठेवा. लग्नाच्या आदल्या रात्री डाय आणला तर हे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो, आधी आणा.

‘आम्ही डाय नाही, मेंदीच लावतो,’ हे ऐकलं की मला जास्त काळजी वाटते. शुद्ध मेंदीचा रंग केशरी ते तांबूस-तपकिरी चढतो आणि त्याला काही तास लागतात. पाकिटावर मेंदी लिहिलंय आणि केस अर्ध्या तासात काळेभोर झाले, तर आत बहुधा पीपीडी आहे. जत्रेत मुलांच्या हातावर काढतात ती काळी मेंदी तर थेट कातडीवरच बसते. फोड येतात, डाग राहतात, आणि ते मूल मोठेपणी डाय लावायला जातं तेव्हा पहिल्याच वेळी चेहरा सुजू शकतो. ही काळी मेंदी मुलांना कधीही लावू देऊ नका.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपण महिन्यातून एकदा लावतो, त्या रोज कालवतात, पुष्कळदा उघड्या हातांनी. बोटं भेगाळतात, हाताला खाज सुटते, आणि शेवटी शिकलेला धंदा सोडावा लागतो. इथे पार्लर चालवणाऱ्या ताई बसल्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे. नायट्राइलचे हातमोजे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे घ्या, आणि डाय धुतानाही ते काढू नका. केस कापायचे असतील तर रंग लावण्याआधीच कापा, म्हणजे ताज्या रंगवलेल्या केसांत उघडा हात घालायची वेळच येणार नाही.