फिशरने वजिराचं प्यादं उचललं तेव्हा

नमस्कार मंडळी, आज एकाच डावाबद्दल बोलायचंय, १९७२ साल, आइसलँडमधलं रेक्याविक, अमेरिकेचा आव्हानवीर बॉबी फिशर विरुद्ध सोव्हिएत युनियनचा वर्ल्ड चॅम्पियन बोरिस स्पास्की, वर्ल्ड चॅम्पियनशिपचा सहावा डाव. जवळ बुद्धिबळाचा पट असेल तर मांडाच, ऐकायला मजा येईल.

फिशर पांढरी घेऊन बसला की राजापुढचं प्यादं दोन घरं जाणार हे जवळपास ठरलेलं असायचं. त्या दिवशी त्याने आधी सी४ केलं, म्हणजे सी पट्टीतलं प्यादं चौथ्या घरात, मग तिसऱ्या चालीला वजिरासमोरचं प्यादं डी४वर, आणि झाला की क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, वजिराच्या बाजूने डाव सुरू करायची एक पद्धत! त्यात स्पास्कीने टार्टाकोवर डिफेन्स, म्हणजे काळ्याच्या बचावाचा एक प्रकार, घेतला, जो त्याचा अगदी हातखंडा, म्हणजे फिशरने अनोळखी मैदान निवडलं तेही समोरच्याच्या आवडीचं, याला हिंमत लागते.

मारामारी होऊन काही मोहरी कमी झाली आणि काळ्याची सी५ आणि डी५ ही दोन प्यादी शेजारी शेजारी उभी राहिली. दिसायला दणकट, पण सांभाळायला जड. विसाव्या चालीला फिशरने ई४ करून नेमकं तिथेच बोट ठेवलं. स्पास्कीने प्यादं डी४वर ढकललं, वाटतं बरं, समोर वाट मोकळी, मागे सी५चा आधार, पण डी५वरून ते प्यादं सी४वर पहारा देत होतं ना, तो गेला, आणि तीन चालींनी पांढरा उंट तिथे येऊन बसला. मला विचाराल तर डाव तिथेच फिरला.

पुढचं बघवत नाही इतकं एकतर्फी आहे. पांढऱ्याचं प्यादं ई६वर घुसलेलं, हत्ती एफ पट्टीत एकामागे एक, आणि ३२व्या चालीपासून काळा वजीर ई८, डी८, ई८, डी८, ई८, नुसत्या येरझाऱ्या, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलेलंच नाही. फिशर मात्र अजिबात घाई करत नाही, एक हत्ती दुसऱ्यामागे नीट लावतो, उंट डी३वर घेतो, वजीर ई४वर आणतो आणि मग ३८व्या चालीला हत्ती देऊन घोडा मारतो. सगळे त्या हत्तीचं कौतुक करतात पण खरं सौंदर्य त्याआधीच्या शांत चालींत आहे असं मला मनापासून वाटतं.

४१व्या चालीला वजीर एफ४वर आला आणि स्पास्कीने डाव सोडला. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते आणि हरलेला वर्ल्ड चॅम्पियन स्पास्कीसुद्धा त्यांच्यासोबत टाळ्या वाजवत होता! स्कोअर झाला साडेतीन-अडीच, मॅचमध्ये पहिल्यांदाच फिशर पुढे.