तिसऱ्या गोळीच्या आधी

[दृश्य: दवाखान्याचं टेबल. कापडी पिशवीतून फाईल निघते. नावावर कागदाची पट्टी.]

ही फाईल लालबागमधल्या एका दवाखान्यातली. नाव झाकलंय, बाकी पानं आहेत तशीच आहेत. वय ४३. पहिल्या पानावर उपाशीपोटी साखर १९८, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.९ आणि खाली दोन शब्द: टाइप टू. औषध मेटफॉर्मिन. दुसऱ्या पानावर मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड. चार महिने आकडे खाली राहिले, मग पुन्हा चढले. पुढच्या पानावर तिसरी गोळी आणि समासात शेरा: ‘पथ्य पाळत नाही.’

आता उजवीकडचा कोपरा बघा. या दवाखान्यात वजनकाटा दारातच आहे, त्यामुळे दर भेटीला वजन लिहिलं गेलंय. ५६. ५४. ५१. ४८.

ग्लिमेपिराइडने वजन सहसा वाढतं. इथे आठ किलो उतरलंय. शेरा आणि वजन एकाच पानावर आहेत, चार बोटांच्या अंतरावर.

[दृश्य: सकाळची करी रोड स्टेशनची गर्दी. मग फळ्यावर खडूने काढलेलं स्वादुपिंड.]

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षणयंत्रणाच बीटा पेशींवर उलटते आणि त्या एकेक करून संपतात. लहान मुलात हे इतकं झपाट्याने होतं की निदान चुकायला फारशी जागाच उरत नाही. चाळिशीतल्या माणसात हेच काम महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं चालतं. तोवर शिल्लक पेशींवर गाडा चालतो आणि गोळ्यांचा गुणही येतो. गोंधळ होतो तो या गुणामुळेच. ‘गोळ्या लागू पडल्या, म्हणजे टाइप २’ हा निष्कर्ष चार महिन्यांपुरता खरा वाटतो.

१९९० च्या दशकात या संथ प्रकाराला नाव मिळालं: लाडा. ऐकायला लाडाचं, पण आहे इंग्रजी आद्याक्षरांचं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वर्गीकरण बदलताना नावही बदललं, ‘प्रौढांमधला सावकाश वाढणारा, प्रतिकारशक्तीमुळे होणारा मधुमेह’ अशा अर्थाचं. दवाखान्यात मात्र अजून लाडाच म्हणतात.

टाइप १ म्हणजे पोरांचा आजार, ही समजूत डॉक्टरांच्या केबिनमध्येही घट्ट बसलेली आहे. ब्रिटनमधल्या लाखो लोकांच्या जनुकीय नोंदींवरून २०१८ मध्ये निघालेलं गणित वेगळं सांगतं. साठीच्या आत सुरू झालेल्या अशा टाइप १ पैकी ४२ टक्के तिशीनंतरचा होता. ब्रिटनच्या थेरेसा मे गृहमंत्री असताना, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनाही आधी टाइप २ च सांगितलं गेलं. गोळ्या चालेनात तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाइप १ निघाला.

त्याही आधी, १९९७ मध्ये, ब्रिटनच्या मोठ्या मधुमेह अभ्यासात टाइप २ म्हणून नोंदलेल्यांचं रक्त तपासलं होतं. सुमारे १० टक्क्यांमध्ये जीएडी अँटिबॉडी सापडली, म्हणजे बीटा पेशींमधल्या जीएडी नावाच्या प्रथिनावर उलटलेलं, संरक्षणयंत्रणेचं हत्यार. २५ ते ३४ वयात निदान झालेल्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या घरात होतं. आकडे तिकडचे आहेत, मुंबईला जसेच्या तसे लावू नयेत. पण प्रश्न तोच आहे.

[दृश्य: वजनकाटा. त्यावर चपला काढून उभे राहणारे पाय, एकामागून एक.]

मग बारीक दिसेल त्या प्रत्येकाची ही जीएडी चाचणी करायची का? नाही. इथे आपलं शरीर फसवतं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे काटकुळ्या माणसालाही सरळसाधा टाइप २ होतो. उलट पोट सुटलेल्या माणसाला टाइप १ होणारच नाही, असंही नाही.

म्हणून बारीक असण्यापेक्षा बारीक होत जाणं महत्त्वाचं. प्रयत्न न करता वजन उतरतंय. दोन-तीन गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊनही साखर दाद देत नाही. वय पस्तिशीच्या आत आहे. स्वतःला किंवा आईला, बहिणीला थायरॉइड आहे, अंगावर कोड आहे, गव्हाची अॅलर्जी म्हणतात तो सिलिअॅक आजार आहे. लघवीच्या पट्टीवर कीटोन उमटतंय, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळतंय. यातल्या दोन गोष्टी जुळल्या की तिसरी गोळी लिहिण्याआधी जीएडी लिहायची. सरसकट सगळ्यांची केली तर खोटे पॉझिटिव्हच जास्त हाती लागतील.

[दृश्य: रक्त घेण्याची खोली. दंडाला पट्टा.]

‘ताई, जेवण किती वाजता झालं?’

‘सव्वाबाराला. आमटीभात.’

‘केसांसाठी गोळी वगैरे काही घेता का?’

हे दोन्ही प्रश्न जीएडीच्या जोडीने करायच्या दुसऱ्या चाचणीसाठी, सी-पेप्टाइडसाठी आहेत. इन्सुलिन तयार होताना मूळ साखळीतून एक तुकडा कापला जातो, तो सी-पेप्टाइड. इन्सुलिनचा एक रेणू तर याचाही एक. इन्सुलिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसं होतं. सी-पेप्टाइड अर्ध्या तासाने निम्मं उरतं, म्हणून मोजायला सोपं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसतं, त्यामुळे माणूस इंजेक्शनवर असला तरी स्वतःची पैदास किती ते कळतं.

पण उपाशीपोटी आकडा कमीच येतो. जेवणानंतर पाच तासांच्या आत रक्त घ्यावं, आणि त्याच टोचणीत साखरही मोजावी. साखर ७० च्या खाली असेल तर तो नमुना बाद. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याच्या मोठ्या डोसने काही यंत्रांवर सी-पेप्टाइड खोटं कमी दिसतं, म्हणून दोन-तीन दिवस आधी गोळी बंद. साखर महिनाभर तीनशे-चारशेत असेल तर बीटा पेशी दमलेल्या असतात, तेव्हाही आकडा खोटा कमी येतो. आधी साखर आटोक्यात आणायची आणि काही आठवड्यांनी मोजायचं. किडनी निकामी असेल तर उलट, आकडा फुगतो.

[दृश्य: थर्माकोलची पेटी, मोटारसायकल, उन्हाने तापलेला रस्ता.]

घरी येऊन नेलेले नमुने फसतात ते इथे. पिवळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त गोठायला अर्धा तास लागतो. मग सेंट्रिफ्यूज, मग वरचं सीरम वेगळं करून थंडीत. तीच नळी मे महिन्यात कांदिवलीपासून दोन तास उघड्या बॅगेत फिरली तर सी-पेप्टाइड वाटेतच घटू शकतं. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत ते साध्या तापमानालाही दिवसभर टिकतं. लॅब ती नळी घेते का, हे आधी विचारून घ्यावं.

[दृश्य: ९६ खळग्यांची प्लेट. पिपेट. निळा रंग, मग पिवळा.]

आणि ही जीएडीची तपासणी. प्रत्येक खळग्याच्या तळाला जीएडी प्रथिन चिकटवलेलं आहे. त्यावर रुग्णाचं सीरम, २५ मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहूनही कमी. रक्तात अँटिबॉडी असेल तर ती एका हाताने तळाचं प्रथिन धरते. धुऊन घेतल्यावर वरून पुन्हा जीएडी सोडतात, या वेळी खूण बांधलेलं. अँटिबॉडीला दोन हात असतात. दुसऱ्या हाताने ती हे धरते. पुन्हा धुणं. हात मोकळा राहिलेलं, सैल असलेलं सगळं वाहून जातं. मग विकर, मग रंगद्रव्य, अंधारात वीस मिनिटं. जिथे पूल बांधला गेलाय तिथेच निळा रंग चढतो. आम्लाचा थेंब पडला की तो पिवळा होतो आणि यंत्र ४५० नॅनोमीटरवर त्याची गडदता वाचतं.

पहिल्या ओळी ठरलेल्या मात्रेच्या नमुन्यांना जातात, त्यामुळे एकट्या माणसासाठी अख्खी प्लेट कोणी लावत नाही. रिपोर्टला चार-सहा दिवस लागतात ते यामुळे.

[दृश्य: दोन रिपोर्ट शेजारी शेजारी. बोट आकड्यावरून एककावर सरकतं.]

एकक वाचा. सी-पेप्टाइड बहुतेक लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, परदेशी तक्ते पिकोमोलमध्ये असतात. मिलीमागे १ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरमागे ३३१ पिकोमोल. जेवणानंतरचा आकडा ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली, तर इन्सुलिन जवळजवळ संपलंय. १.८ च्या वर, तर अजून भरपूर आहे. मधलं सगळं संदिग्ध, काही महिन्यांनी पुन्हा बघायचं. पहिल्या तीनेक वर्षांत चांगला आकडा आला म्हणून टाइप १ नाही, असं म्हणता येत नाही. तेव्हा कौल जीएडीचा.

जीएडीची मर्यादा किटप्रमाणे बदलते, कुठे ५, कुठे १०. मर्यादेला टेकलेला आकडा आणि अडीचशे, हे एकाच ‘पॉझिटिव्ह’मध्ये मोजू नयेत. निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल तर आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या दुसऱ्या दोन अँटिबॉडी बघायच्या. इन्सुलिन सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील तर इन्सुलिन अँटिबॉडी करू नका, ती टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही तयार होते. आणि नुसती ‘इन्सुलिन लेव्हल’ करून यातलं काहीच कळत नाही, तरी ती सर्रास लिहिली जाते.

खासगी लॅबमध्ये जीएडीला पैसे हजारांत मोजावे लागतात. परळच्या केईएमसारख्या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीची, म्हणजे हार्मोनच्या आजारांची ओपीडी आहे. केसपेपरसोबत आधीचे सगळे कागद न्यावेत, वजनाचा तो कोपरा सुद्धा.

[दृश्य: फाईलचं शेवटचं पान. ‘जीएडी: पॉझिटिव्ह.’]

निदान ठरलं की ग्लिमेपिराइड बंद, इन्सुलिन सुरू, थायरॉइडची तपासणी. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर तीही बंद, कारण साखर दोनशेच्या आत असतानाही रक्त आम्लयुक्त होऊन माणूस आयसीयूत जाऊ शकतो.

४८ किलोच्या या बाईंना डॉक्टरांनी रात्री ६ युनिटांवर सुरू केलंय. सिरिंज बघा: लाल झाकण, ४० ची. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या मिलीमागे ४० युनिटांच्या असतात, पेनची काडतुसं १०० ची. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन भरलं तर ६ चे १५ होतात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवूनच भरायचं.

[दृश्य: पहिलं पान. ‘टाइप टू’वर आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख.]

खाडाखोड नुसती फाईलमध्ये करून भागत नाही. जुन्या चिठ्ठ्या, कंपनीच्या वैद्यकीय नोंदी, विम्याचे कागद, सगळीकडे टाइप २ च लिहिलेलं आहे. उद्या दुसऱ्या आजारासाठी कुठे भरती झाल्या, तर ‘जेवण बंद आहे, इन्सुलिनही बंद’ असं होऊ शकतं. म्हणून पुठ्ठ्याचा हा तुकडा. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत: टाइप १ मधुमेह, जेवण बंद असलं तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.

कार्ड पाकिटात जातं, लोकलच्या पासच्या मागे.