खाडीचं चित्र काढताना

(ऐरोली येथे निसर्गचित्रणाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, 'ही जागा माझी' असं चित्रातून सांगायचं असेल, तर आधी उभं कुठे राहायचं ते ठरवावं लागतं. नवी मुंबईत हे सोपं नाही. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली, 95 गावांची जमीन संपादनात आली. भातखाचरं आणि मिठागरं गेली, गावठाणं तेवढी उरली. कोपरखैरण्यात किंवा घणसोलीत सेक्टरच्या सरळ रस्त्याने जाताना एकदम गल्ली वाकडी होते, तिथे गाव सुरू झालेलं असतं. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळ-दूरचा आभास, नीट बसावा म्हणून ती गल्ली सरळ करू नका. आधी इथे कोण होतं, हे त्या वळणातच दिसतं.

ठाण्यात राहणाऱ्या सुधीर पटवर्धनांची मोठी शहरचित्रं जवळ जाऊन पाहा. 2005 पर्यंत रेडिओलॉजिस्टचं काम सांभाळून त्यांनी चित्रं काढली. गच्चीवरून दिसतं ते आणि रस्त्यावरून दिसतं ते, दोन्ही एकाच कॅनव्हासवर येतं. रोज इथे वावरणाऱ्याच्या मनात शहर असंच साठलेलं असतं.

आता खाडी. क्षितिजरेषा कागदाच्या वरच्या पाव भागात घ्या. मधोमध घेतली की अर्धा कागद आकाशात जातो आणि चिखलाची नुसती पट्टी होते. विजेचे मनोरे गाळू नका. फ्लेमिंगोंचा मोह मात्र आवरा. चार गुलाबी ठिपके पडले की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते, होडी आणि जाळं कुणी पाहत नाही.

भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास, आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांबवर हटतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो तेव्हा कमी. मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत झपाट्याने उतरतं. म्हणून काठाची रेष पहिल्या दहा मिनिटांत पक्की करा आणि पुन्हा हलवू नका, नाहीतर वर एका वेळेचं पाणी आणि खाली दुसऱ्या वेळेचं, असं होतं.

ओल्या चिखलात आकाश उतरलेलं असतं. तेव्हा आकाशाचाच फिका वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, चिखलावरही न्या आणि पूर्ण वाळू द्या. मग अल्ट्रामरिन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एकत्र करून लावा. 300 जीएसएमच्या, म्हणजे जाड, खरखरीत कागदावर अल्ट्रामरिनचे कण खळग्यांत बसतात, चिखलाचा पोत आपोआप मिळतो. तयार काळा लावलात तर तो डांबरासारखा दिसेल. पावसाळी हवेत वॉश वाळायला फार वेळ घेतो. घाई केली की खालचा रंग सुटतो आणि सगळं गढूळ होतं. बोटाची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर थांबा.

तिवराचं पान वरून गडद, चकचकीत आणि खालून राखाडी-पांढरं. वारा आला की अख्खी झाडी क्षणभर फिकट होते. ट्यूबमधला तयार हिरवा, सॅप ग्रीन, इथे चालत नाही. अल्ट्रामरिनमध्ये यलो ऑकर (मातकट पिवळा) घाला, थोडा सिएना. श्वासमुळं पेन्सिलीसारखी उभी असतात. ती अगदी शेवटी, कोरड्या कागदावर, बारीक लांब ब्रशने, आणि पुढच्या भागातच. मागे नुसता खडबडीतपणा पुरे.

चित्र झालं की मागे पेन्सिलीने तारीख, तिथी, वेळ आणि बसल्याची जागा लिहा. काही वर्षांनी तिथेच बसून पुन्हा काढाल, तेव्हा तिवरांची कड कुठे सरकली ते दोन कागद शेजारी ठेवून मोजता येईल.