खोटा गॅस, खरी विळी

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

‘लहान मुलांनी घरातील धोकादायक वस्तूंच्या हुबेहूब खेळण्यांशी खेळावे काय?’ असा विषय संयोजकांनी पत्रिकेत छापला आहे. पत्रिका पाहून एका आजोबांनी मला जिन्यातच गाठले आणि “उत्तर एका शब्दात सांगा, म्हणजे मला लवकर घरी जाता येईल,” असे सुचवले. ते अजून पहिल्या रांगेत बसलेले दिसतात, याचा अर्थ त्यांना एका शब्दाचे उत्तर मिळालेले नाही. बालवाडीच्या शिक्षिकांना शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे मी केवळ पाच वर्षांखालच्या मुलांविषयी बोलणार आहे. त्यापुढच्या मुलांना कशाशी खेळावे हे आपल्याला विचारण्याची गरज वाटत नाही.

खेळणे किती हुबेहूब आहे, यावर आपण फार वाद घालतो. मूळ वस्तूतले काय खेळण्यात उतरवले आणि काय वगळले, हे मात्र कोणी पाहत नाही, आणि माझी सगळी तक्रार तेवढीच आहे. बाजारात मिळणारी गॅसची खेळण्यातली शेगडी तुमच्यापैकी अनेकांनी कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाला दिली असेल. दोन बर्नर, शेजारी लाल रंगाचे बुटके सिलिंडर, त्याला जोडलेली काळी नळी, टक्कन आवाज करून फिरणारी दोन बटणे आणि टकटक वाजणारा लायटर. बटण फिरवले की बर्नरखाली केशरी दिवा लागतो आणि आतून फोडणीचा चर्र असा आवाज येतो. कारागिरी म्हणून पाहिले तर वस्तू उत्तमच आहे. परंतु स्वयंपाकघरातील गॅस आपल्याला सावध करतो तो कशाने? आचेने आणि वासाने. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. खेळण्यात आच नाही आणि वासही नाही. उरतो तो प्रकाश, आवाज आणि रंग. म्हणजे मुलाला ओढून नेणारे तेवढे सगळे ठेवले आणि मागे खेचणारे तेवढे सगळे काढून टाकले.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी घडलेली गोष्ट सांगते. ती थोडी लांबेल, पण मी ती प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि अद्याप कोणी उठून गेलेले नाही. तिच्या अडीच वर्षांच्या नातवाला अशी शेगडी मिळाली आणि घरात चहाचा सुकाळ झाला. आजोबांना चहा, पेपरवाल्याला चहा, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णालाही चहा. एके दुपारी आजी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेली असताना या चिरंजीवांनी प्लास्टिकचे स्टूल ओढत नेऊन ओट्याला लावले, त्यावर चढून खऱ्या शेगडीची दोन्ही बटणे फिरवली आणि दिवा लागण्याची वाट पाहिली. दिवा लागला नाही, फोडणीचा आवाजही आला नाही. मुलगा स्टुलावरून उतरला, गच्चीच्या दारात गेला आणि गंभीरपणे म्हणाला, “आजी, सेल संपले.”

आजी शहाणी बाई. ती आत धावली, बटणे व रेग्युलेटर बंद केले, खिडक्या उघडल्या आणि विजेच्या एकाही बटणाला हात लावला नाही. काही विपरीत घडले नाही. खरा प्रसंग संध्याकाळी घडला, कारण संध्याकाळी घरची सभा भरली. मुलाच्या काकांनी ‘माकडाच्या हाती कोलीत’ ही म्हण पहिल्याच वाक्यात वापरून टाकली. मला त्या म्हणीविषयी नेहमी असे वाटते की कोलीत निदान पेटलेले असते; चटका बसला की माकड ते फेकून तरी देते. इथे माकडाला न पेटणारे कोलीत आपणच आणून दिले होते. असो. सभेने वापर नसताना रेग्युलेटर बंद ठेवण्याचा ठराव केला, तो योग्यच होता. मग मुलाच्या वडिलांचा मोर्चा सुरक्षिततेच्या एकंदर प्रश्नाकडे वळला. आजी नातवाला शेजारी बसवून बोथट सुरीने केळे कापू देत असे. ते बंद झाले. विळी माळ्यावर गेली. मटार सोलण्याचा संबंध काय होता हे मला आजपर्यंत कळलेले नाही, पण दाणे नाकात जातात असे कोणीतरी म्हणाले आणि तेही बंद झाले. खेळण्यातली शेगडी मात्र दुसऱ्या दिवशी नव्या सेलांसह पुन्हा जागेवर आली, कारण ती प्लास्टिकची असून तिने कोणाला इजा होत नाही, असे सर्वानुमते ठरले.

या मुलाची चूक काय होती? काहीच नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनी आधी आत बसता येईल एवढी गाडी, बसता येईल एवढी खुर्ची आणि घसरगुंडी खेळायला दिली. नंतर मुले बाहेर असताना त्या जागी तशाच दिसणाऱ्या चिमुकल्या वस्तू ठेवल्या. परत आलेल्या मुलांपैकी कित्येकांनी त्या टीचभर गाडीत पाय घालण्याचा आणि त्या खुर्चीवर बसण्याचा मनापासून प्रयत्न केला. लहान वस्तू पाहताच मोठ्या वस्तूशी निगडित हालचाल त्यांच्या अंगात आपोआप जागी झाली होती. उलट दिशेनेही, म्हणजे खरी वस्तू पाहून खेळण्याची हालचाल जागी होण्याचे, हेच घडत नसेल असे मानायला मी तयार नाही. दुसरे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅवेल यांनी १९८०च्या दशकात मुलांपुढे दगडासारखा रंगवलेला स्पंज ठेवला होता. तो दाबून पाहिल्यावर तीन वर्षांची बहुतेक मुले म्हणत की हा स्पंज आहे आणि दिसतोही स्पंजसारखाच. एक वस्तू दिसते एक आणि असते दुसरीच, हे चौथ्या-पाचव्या वर्षी उमजू लागते. त्या वयाच्या आत ‘हे खोटे, ते खरे’ असे मुलाला बजावून सांगणे म्हणजे स्वतःचे समाधान करून घेणे होय.

इथे कोणीतरी विचारील की आमच्या आज्याही भातुकली खेळल्या, त्यांचे काय बिघडले? सावंतवाडीची रंगवलेली लाकडी भातुकली आठवून पाहा. तिच्यात चूल आहे, जाते आहे, पाटा-वरवंटा आहे, विळीसुद्धा आहे. पण त्या चुलीत दिवा लागत नाही. जाळ मुलीने मनाने लावायचा असतो. शिवाय तिची नक्कल ज्या चुलीची होती, ती चूल त्याच घरात दहा पावलांवर धुमसत असे, तिचा धूर डोळ्यांत जाई आणि तिची धग दारापर्यंत येई. नक्कल कच्ची होती आणि अस्सल वस्तू बोलकी होती, त्यामुळे दोहोंत गल्लत होण्याचे कारणच नव्हते.

शेगडीपेक्षाही माझा राग आहे तो डॉक्टरच्या पेटीवर. त्यातील स्टेथोस्कोपबद्दल आणि सुई नसलेल्या इंजेक्शनबद्दल माझे काही म्हणणे नाही; दवाखान्यात जाण्याआधी बाहुलीला इंजेक्शन देऊन घेतले की मुलाची भीती कमी होते, हा बालरुग्णालयांतील परिचारिकांचा नित्याचा अनुभव आहे. पण एका पेटीत मला झाकणाची बाटली आणि तीत खाण्याच्या रंगीत, साखरेच्या गोळ्या आढळल्या. झाकण उघडायचे, गोळी काढायची, तोंडात टाकायची आणि गोड लागली म्हणून दुसरी घ्यायची, हा धडा तीन वर्षांच्या हाताला इतक्या पद्धतशीरपणे मी स्वतःही शिकवू शकले नसते. गरोदर स्त्रियांना लोहाच्या ज्या गोळ्या मिळतात, त्या लाल असतात आणि त्यांच्यावर साखरेचे आवरण असते. मूठभर गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्या तर जीव जाऊ शकतो. खाद्यपदार्थांसारख्या दिसणाऱ्या अखाद्य आणि घातक वस्तूंना युरोपने १९८७ सालीच मज्जाव केला. आपण मात्र ताप आलेल्या मुलाला “चॉकलेटच आहे रे” म्हणून औषध पाजतो आणि रॉकेल व फिनेल शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवतो. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. त्या मानकात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे भाग घशात अडकण्याएवढे लहान आहेत काय हे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात घालून पाहतात, कडा तपासतात, रंगातील शिसे मोजतात. खेळणे हाताला कोणती सवय लावते, हे तपासणारे नळकांडे अजून निघालेले नाही.

अध्यक्षांनी घंटेकडे हात नेलेला मला दिसतो आहे. माझा मुख्य मुद्दा अजून राहिलाच आहे, तेव्हा तो भरभर मांडते.

घरातील धोके दोन जातींचे असतात. सुरी, सुई, हातोडी, तापलेला तवा यांचा धोका सांगून येतो. धार टोचते, धग आधी जाणवते, वजन हाताला कळते आणि चूक केली तर ती वस्तू बहुधा चुकीएवढीच शिक्षा देते. औषध, फिनेल, वीज, कापूर आणि गळणारा गॅस यांचा धोका मुलाला न सांगता येतो, आणि आला की एकदम पुरताच येतो. गॅसचा वास मोठ्यांना कळतो. मुलाला त्याचा अर्थ माहीत नसतो. पहिल्या जातीतील वस्तू खोट्या देऊ नयेत, खऱ्या द्याव्यात; पण लहान मापाच्या, मोठे माणूस शेजारी बसलेले असताना आणि काम खरे असताना. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. तिथे मुलांनी खेळणी बाजूला ठेवून खरी कामे पसंत केली, आणि काच फुटते म्हणूनच मुले काचेचा पेला जपून धरतात, असे त्यांचे म्हणणे होते. बोर्डी गावात १९४५ पासून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी गावातल्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवणाऱ्या, शाळांतून मुलांच्या हाती सूत कातायची टोकदार लोखंडी टकळी आली, आणि नॉर्वेच्या बालवाड्यांत चार-पाच वर्षांची मुले आजही खऱ्या सुरीने काठ्या तासतात. सोन्याची सुरी उरात मारून घेऊ नये, हे ठीकच आहे. लोखंडाच्या सुरीने भेंडी कापायला हरकत नाही. विळी मात्र पाच वर्षांपर्यंत नको, कारण तिचे पाते उभे असते, हात पात्याकडे जातो आणि पायाने पाट धरून ठेवण्याचे बळ अजून आलेले नसते.

दुसऱ्या जातीतील वस्तू खऱ्या तर नकोतच, पण चौथ्या वर्षाच्या आत त्यांची हुबेहूब खेळणीही नकोत. प्लग, सॉकेट, झाकण फिरवून उघडणारी औषधाची बाटली, पेटल्यासारखा दिसणारा लायटर आणि ती शेगडी यांपैकी काहीही देऊ नये. चूल मांडायची असेल तर तीन दगड पुरतात. खेळण्याने मुलाची हौस भागते आणि ते खऱ्या वस्तूकडे फिरकत नाही, हा युक्तिवाद मला अनेकदा ऐकवला जातो. तो करणाऱ्यांनी खेळण्यातल्या मोबाइलने कोणाची हौस भागलेली पाहिली असेल तर मला जरूर कळवावे.

घंटा झाली. शेवटचे एकच सांगते, ते विसरू नका. दिवे आणि आवाज असलेल्या खेळण्यांत पुष्कळदा बटणासारखे चपटे सेल असतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिथे भाजल्यासारखी खोल जखम होऊ शकते, म्हणून सकाळपर्यंत वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे आणि उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. खेळण्यांच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असतो. गाडीच्या किल्लीला, स्वयंपाकघरातील वजनकाट्याला आणि दिवाळीत आपण रांगेने मांडतो त्या विजेच्या पणत्यांना तो असतोच असे नाही, तेव्हा आज घरी गेल्यावर तेवढे पाहून घ्यावे.