स्टिअरिंग कधी थरथरतं, हे आधी विचारा

नमस्कार. स्टिअरिंग थरथरायला लागलं की बहुतेक वेळा एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेतात, मग बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), मग चारही टायर बदलतात आणि एवढं करूनही थरथर तशीच राहते. या सगळ्या धावपळीत एक साधा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो: थरथर नेमकी कधी येते? कोणत्या वेगाला, ब्रेक दाबल्यावर की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर, हातात की सीटखाली? याची उत्तरं गाडी चालवणाऱ्याकडेच असतात, मेकॅनिककडे नसतात. टायर कोणता घ्यावा हा विषय मी मुद्दाम नंतर घेणार आहे, कारण थरथरीचं कारण सापडण्याआधी घेतलेला टायर बऱ्याचदा चुकीच्या दुखण्यावर खर्च होतो.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगतो. थरथर अचानक सुरू झाली असेल, त्यातही नुकतंच चाक काढून बसवलं असेल, तर विचार करत बसू नका. गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि चाकाचे नट पान्याने तपासा. सैल नटांमुळे चाक निखळू शकतं. त्याच वेळी चारही टायरच्या बाजूच्या भिंतींवरून हात फिरवा. कुठे फुगा आलेला दिसला तर त्या टायरवर वेगाने जायचं नाही. आतले धागे तुटले आहेत, एवढाच त्या फुग्याचा अर्थ असतो.

आता वेगाकडे येऊ. ताशी ७० पर्यंत गाडी शांत असते, ८० ते ११० च्या पट्ट्यात स्टिअरिंग हातात थरथरतं आणि त्याच्या वर गेलं की कधीकधी कमी होतं. हे बॅलन्सिंग बिघडल्याचं जवळजवळ नेहमीचं लक्षण आहे. त्यामागचं गणित मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडा वेळ देतो. १८५/६५ आर१५ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.९५ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतो. रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त असेल, तर या वेगाला ते जवळपास ३ किलो वजनाइतकी ओढ लावतं. गोफणीत दगड फिरवताना हाताला जी ओढ बसते तीच ही. फरक इतकाच, की ही ओढ सेकंदाला १४ वेळा दिशा बदलते. वेग निम्मा केला की ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ५० ला तेच २० ग्रॅम जेमतेम पाऊण किलोची ओढ देतात आणि ती जाणवतही नाही. मग ११० च्या पुढे थरथर कमी का होते? चाक आणि सस्पेन्शन (चाकाला झेलणारी स्प्रिंगची रचना) यांची स्वतःची हेलकावण्याची एक गती असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाचे फेरे त्या गतीशी जुळले की हादरा मोठा होतो आणि पुढे सरकले की विरतो. म्हणजे वेग वाढवल्यावर थरथर गेली याचा अर्थ दोष गेला असा होत नाही.

थरथर हातात जाणवते की सीटमध्ये, हेही पाहा. हातात जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीट आणि फरशीत जाणवली तर मागची. हा नियम शंभर टक्के पाळला जातो असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यातून कळतं. मग रिमच्या आतल्या बाजूला बघा. वाळलेल्या चिखलाचा गोळा चिकटलेला असतो, किंवा चिकटवलेलं वजन गळून पडलेलं असतं आणि त्या जागी नुसता डिंकाच्या पट्टीचा डाग उरलेला असतो. अनेक थरथरी तिथेच संपतात.

बॅलन्सिंग केलं, मशीनने शून्य दाखवलं, तरी थरथर आहे. इथे लोक हताश होतात आणि इथेच खरं निदान सुरू होतं. साधं मशीन चाक हवेत फिरवतं. त्यावर गाडीचा भार नसतो. वजन सगळीकडे सारखं आहे की नाही एवढं ते सांगतं. पण टायरचा घेर अगदी गोल नसेल, किंवा त्याची ताठरता एका जागी जास्त असेल, तर ते त्याला दिसत नाही. भार देऊन रोलरवर दाबणारी मशीनं हे पकडतात, पण ती सगळीकडे नसतात. मशीनवर चाक बसवतानाही चूक होते. शंका असेल तर एक सोपी मागणी करा: चाक मशीनवरून काढून थोडं फिरवून पुन्हा बसवा आणि परत मोजा. दुसऱ्यांदा आकडा बराच वेगळा आला, तर चाक मधोमध बसलेलंच नव्हतं. तेवढं सांगितलं की चांगला कारागीर लगेच ओळखतो.

घेर तपासायला मशीन लागत नाही. चाक जॅकवर उचला, गाडीखाली पक्का आधार द्या, टायरच्या पृष्ठभागाजवळ एखादी स्थिर वस्तू धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. फट एका जागी मिटते आणि दुसरीकडे उघडते असं दिसलं तर टायर किंवा रिम वाकडा आहे. रिमच्या कडेजवळ हेच केलं की दोघांपैकी कोण ते कळतं. ताशी २० ते ४० च्या वेगाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे झुलत असेल, तर टायरच्या आतला स्टीलचा पट्टा सुटू लागला असण्याची शक्यता मोठी असते. असा टायर दुरुस्त होत नाही. तो काढायचाच. नंतर बसवलेल्या अलॉय चाकांमध्ये आणखी एक गोष्ट निघते. रिमचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागापेक्षा, मोठं असतं, त्यामुळे चाक नटांच्या भरवशावर किंचित बाजूला बसतं. मधलं अंतर भरणारी एक रिंग मिळते. ती लावली की पुष्कळदा प्रश्न सुटतो.

खर्च न करता करण्यासारखी एक चाचणी मी सगळ्यांना सुचवतो. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे बसवा. टायर एका दिशेने फिरणारे असतील, म्हणजे बाजूवर बाण असेल, तर त्याच बाजूला पुढे-मागे करा. थरथर हातातून सीटमध्ये गेली, तर दोष चाकात आहे. हातातच राहिली, तर चाकं निर्दोष समजा आणि पुढच्या भागांकडे वळा.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल आणि पॅडलही पायाखाली धडधडत असेल, तर टायरला दोष देऊ नका. ब्रेकच्या डिस्कची, म्हणजे पॅड जिला दाबतात त्या चकतीची, जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. मिलिमीटरचे एक-दोन शतांश एवढा फरकसुद्धा हाताला जाणवतो. डिस्क वाकली असं सगळे म्हणतात, पण पुष्कळदा हबवर गंज किंवा घाण राहिल्यामुळे, नाहीतर नट कमी-जास्त आवळल्यामुळे डिस्क तिरकी बसलेली असते आणि पॅड तिला फिरता फिरता एका जागी झिजवतात. म्हणून नुसती डिस्क बदलून उपयोग नाही. हबचा पृष्ठभाग स्वच्छ करायला सांगा आणि नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर आणि पाय उचलला की शांतता, असं असेल तर एक्सलचा (चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट किंवा इंजिनाचं माउंटिंग (इंजिन बसवलेला रबरी आधार) तपासायचं. वळताना टक-टक आवाज येत असेल तर बाहेरचा जॉइंट. खड्ड्यानंतर स्टिअरिंग काही क्षण हलत राहत असेल तर टाय रॉड एंड, बॉल जॉइंट या स्टिअरिंग आणि चाकाजवळच्या सांध्यांत ढिलाई आहे का, ते बघायला हवं. बेअरिंग गेलं की सतत घूं आवाज येतो आणि वळताना तो बदलतो.

अलाइनमेंटबद्दल एवढंच, की ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. थरथर त्यातून थेट येत नाही. मात्र वाकडा झिजलेला टायर पुढे आवाज आणि थरथर दोन्ही करतो, आणि मग नुसतं अलाइनमेंट करून ती जात नाही.

आता टायर. बाजूवरचे आकडे वाचायला शिका. १८५/६५ आर१५ ८८एच यात १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांमध्ये. ८८ ही भाराची खूण आहे, एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. गाडीच्या निर्मात्याने दिलेल्या खुणेपेक्षा भाराची खूण कमी असलेला टायर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. बाजूलाच चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. हा टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. दुकानात हे चार आकडे पाहिल्याशिवाय टायर बसवू देऊ नका, कारण रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी निवृत्ती, असं मी मानतो.

माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या वापराच्या गाडीला मूळ मापाचाच टायर घालावा. मोठा रिम आणि कमी उंचीच्या भिंतीचा टायर दिसायला छान दिसतो, पण खड्ड्याचा मार झेलायला रबर उरत नाही. मार रिमवर जातो, रिम वाकतो आणि आपण जिथून सुरुवात केली त्या थरथरीला नवं कारण मिळतं. दुसरं, ओल्या रस्त्यावरची पकड टिकाऊपणाच्या वर ठेवा. फार कडक रबर जास्त किलोमीटर जातं, पण पावसात ब्रेक लावल्यावर गाडी कुठे थांबते हा प्रश्न जिवाचा आहे. काही टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा छापलेला असतो. तो निर्माता स्वतः ठरवतो, म्हणून एकाच कंपनीचे टायर आपसात ताडून पाहायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये तुलना करायला नाही. नक्षीच्या खाचांमधल्या उंचवट्याच्या खुणा १.६ मिलिमीटरवर असतात. मी तिथवर थांबत नाही. ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की नव्या टायरची तयारी सुरू करावी, कारण पाणी बाजूला सारण्याची ताकद त्याआधीच बरीच घटलेली असते.

हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेला नसतो. तिथे असते ती कमाल मर्यादा. योग्य आकडा दाराजवळच्या पट्टीवर असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. सकाळी काही किलोमीटर थरथरून नंतर शांत होणाऱ्या गाडीचा टायर बहुधा एका जागी उभं राहून चपटा झालेला असतो. गरम झाला की तो पुन्हा गोल होतो, त्यासाठी खर्चाची गरज नाही.

प्रश्न आला आहे, नायट्रोजन भरावा का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळत असेल तर जरूर भरा, पण महिन्यातून एकदा दाब तपासणं त्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

दुसरा प्रश्न: दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते पुढे की मागे? स्टिअरिंग पुढे आहे म्हणून नवे पुढे, असं अनेकांना वाटतं. नवे मागे बसवा. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ घसरते. ते स्टिअरिंगमध्ये कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर मात्र आधी तिची पुस्तिका वाचा. अशा बऱ्याच गाड्यांना नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरक चालत नाही.

आणि नवे टायर बसवून घेतल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून नट एकदा पुन्हा तपासून घ्या.